नाशिकच्या फ्लॅटमध्ये एचआरव्ही-ईआरव्ही बसवायची असेल तर

खिडक्या बंद असतानाही घरात ताजी हवा यावी आणि त्या नादात एसीचा गारवा बाहेर जाऊ नये, यासाठी जी यंत्रणा असते तिला एचआरव्ही (हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर) किंवा ईआरव्ही (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर) म्हणतात. युरोपातल्या थंडीत घट्ट बंद केलेल्या घरांमध्ये ती रुळलेली आहे. आपल्याकडे चौकशीला गेलं की अर्धे एसीवाले "म्हणजे एक्झॉस्ट फॅनच ना?" असं विचारतात आणि उरलेले मंगल कार्यालयाला पुरेल एवढ्या मशीनचं कोटेशन पाठवतात. मी स्वतःच्या टूबीएचकेसाठी हे सगळं निस्तरलं आहे, म्हणून क्रमाने लिहिते.

आधीच सांगते, वीजबिल वाचेल म्हणून नाशिकमध्ये ही यंत्रणा घेऊ नका. एप्रिलच्या दुपारी बाहेर ४० अंश, घरात २६ अंश आणि तासाला ८० घनमीटर हवा बदलायची असं धरलं, तर त्या गरम हवेचा एसीवर साधारण ३४० वॅट उष्णतेचा बोजा पडतो. चांगलं मशीन त्यातली २५० वॅट बाहेरच्या बाहेर परतवतं. तेवढी उष्णता काढायला एसीला ७०-७५ वॅट वीज लागली असती, आणि मशीनचे पंखेच ४०-५० वॅट खातात. हातात उरतं ते चहापाण्यापुरतं, तेही भर दुपारीच. रात्री बाहेरची हवा २५-२६ वर आली की तेही उरत नाही.

मग घ्यायची कशासाठी? बंद बेडरूममध्ये रात्रभर ताजी, गाळलेली हवा मिळावी यासाठी. द्वारका, पाथर्डी फाटा किंवा महामार्गालगत राहणाऱ्यांना धूळ आणि हॉर्न यांपायी खिडकी उघडता येत नाही. गोदाकाठच्या वस्त्यांत संध्याकाळी डास. थंडीत शेकोट्यांचा आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूर खालीच साचून राहतो. त्यात सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं. तुमचं घर यांपैकी कशातच बसत नसेल, म्हणजे मखमलाबाद-गंगापूरच्या बाजूला मोकळ्यावर असेल, तर समोरासमोरच्या दोन खिडक्या आणि चांगली मच्छरजाळी पुरेशी आहे. पुढचं वाचायचीही गरज नाही.

१. आधी मोजा, मग ठरवा

कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं मीटर आणा. घेताना आत 'एनडीआयआर' सेन्सर, म्हणजे अवरक्त किरणांनी थेट हाच वायू मोजणारा सेन्सर, आहे ना, हे पाहा. फार स्वस्त मीटर दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात आणि उदबत्ती लावली तरी आकडा उडवतात. आणल्यावर ते गच्चीवर किंवा बाल्कनीत थोडा वेळ ठेवा. बाहेरच्या हवेत ४२०-४५० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास आकडा यायला हवा.

मग रात्री नेहमीसारखं दार-खिडकी बंद करून, एसी लावून झोपा आणि सकाळी नोंद बघा. दहा बाय बाराच्या खोलीत दोन माणसं झोपली आणि हवा अजिबात बदलली नाही, तर आकडा तासाला सात-आठशेनेसुद्धा चढू शकतो. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येत-जात असते, त्यामुळे चढ कमी दिसतो. तरी पहाटे दोन हजारांच्या वर आकडा दिसला तर दचकू नका, बंद बेडरूममध्ये हे सर्रास घडतं. सकाळचं जडावलेलं डोकं आणि खोलीत शिरल्या शिरल्या येणारा कोंदट वास यांचं मूळ बहुधा इथेच असतं.

इथे दोन गैरसमज काढून टाका. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवून गार करतो. आणि एअर प्युरिफायर धूळ गाळतो, पण श्वासातून बाहेर पडलेला वायू जसाच्या तसा ठेवतो.

आकडा हजार-बाराशेच्या आत राहत असेल तर पैसे खिशात ठेवा.

२. एचआरव्ही की ईआरव्ही?

दोन्हींचा गाभा एकच. बाहेर जाणारी शिळी हवा आणि आत येणारी ताजी हवा पातळ पडद्यांच्या दोन्ही बाजूंनी एकमेकींजवळून जातात, पण मिसळत नाहीत. जाता जाता उष्णता एकीकडून दुसरीकडे जाते. या पडद्यांच्या ठोकळ्याला 'कोअर' म्हणतात. कोअरची क्षमता ७५ टक्के असेल, तर बाहेर ४० आणि आत २६ असताना येणारी हवा साडेएकोणतीस अंशांवर येते. जानेवारीत बाहेर १० आणि आत २२ असेल तर ती १९ अंशांवर येते. निफाडची थंडी दरवर्षी बातम्यांत असते. त्या भागात राहणाऱ्यांना हा दुसरा आकडा जास्त कामाचा.

एचआरव्हीचा कोअर प्लॅस्टिकचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि फक्त उष्णता पलीकडे देतो. ईआरव्हीचा कोअर खास कागदाचा किंवा पॉलिमरच्या पडद्याचा असतो, त्यातून बाष्पही जातं. जपानच्या मित्सुबिशी इलेक्ट्रिकने असा कागदी कोअर १९७० च्या सुमाराला 'लॉसने' या नावाने बाजारात आणला आणि ते नाव अजून चालू आहे.

नाशिकला ईआरव्हीच घ्या, याचं कारण जुलै-ऑगस्ट. बाहेर २५ अंश आणि नव्वद टक्के आर्द्रता, आत एसी लावून कोरडी केलेली हवा. अशा वेळी तासाला ८० घनमीटर हवा आत घेतली, तर तिच्याबरोबर जवळपास अर्धा लिटर पाणी बाष्परूपाने घरात येतं. ईआरव्ही त्यातलं निम्म्याहून जास्त बाष्प बाहेर जाणाऱ्या हवेला परत देऊ शकते. शिवाय कोअरमध्ये पाणी साचण्याचा प्रश्न कमी राहतो, त्यामुळे बहुतेक घरगुती ईआरव्हींना निचऱ्याचा पाइप लागत नाही. एचआरव्हीला लागतो.

सापळा इथेच आहे. ईआरव्ही म्हणजे डीह्युमिडिफायर, हवा कोरडी करणारं यंत्र, नव्हे. एसी बंद असेल तर घरातली हवाही बाहेरच्याइतकीच दमट असते, मग अदलाबदल कशाची होणार? "पावसाळ्यात कपाटाला बुरशी येणार नाही" असं विक्रेता सांगू लागला, तर त्याच्यासमोर हा प्रश्न ठेवा.

३. किती हवा लागेल

अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे संस्थेचं ६२.२ हे मानक घरांसाठी सोपं सूत्र देतं: चौरस फुटांतलं क्षेत्रफळ गुणिले ०.०३, अधिक बेडरूमच्या संख्येत एक मिळवून त्याला साडेसातने गुणायचं. उत्तर सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, असं येतं. आठशे फुटांच्या टूबीएचकेला २४ अधिक २२.५, म्हणजे साडेशेहेचाळीस सीएफएम, तासाला साधारण ८० घनमीटर.

पण मी बेडरूमचा हिशोब वेगळा धरते. झोपलेल्या दोघांसाठी कार्बन डायऑक्साइडचा आकडा हजाराच्या आसपास ठेवायचा तर त्या एका खोलीत तासाला ४०-४५ घनमीटर हवा पोहोचायला हवी. एकूण हवा भरपूर आणि बेडरूमच्या जाळीतून फुंकर, असं होऊन उपयोग नाही.

छतात बसणारी मोठ्या कंपन्यांची मशीन साधारण १५० घनमीटरपासून सुरू होतात. टूबीएचकेला तेवढं भरपूर झालं, कमी वेगावर चालवा, आवाजही कमी येईल. त्याहून मोठं कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

४. डक्टवालं की भिंतीतलं

फ्लॅट अजून कोरा असेल किंवा फॉल्स सिलिंग होणारच असेल, तर डक्टवालं, म्हणजे नळ्यांतून खोल्याखोल्यांत हवा पोहोचवणारं मशीन. मशीन पॅसेजच्या किंवा बाथरूमच्या माळ्यावर बसतं. ताज्या हवेचे डक्ट बेडरूम आणि हॉलमध्ये जातात, शिळी हवा पॅसेजमधून किंवा बाथरूमच्या बाजूने ओढली जाते.

राहत्या घरात तोडफोड नको असेल, तर एका खोलीपुरतं भिंतीतलं यंत्र. साधारण सहा इंचांच्या भोकात सिरॅमिकचा गाभा आणि पंखा बसतो. मिनिटभर हवा बाहेर, मग मिनिटभर आत. बाहेर जाताना हवा सिरॅमिकला आपली उष्णता देते, आत येताना परत घेते. दोन यंत्रं जोडीने उलटसुलट चालवली तर काम चांगलं होतं. एकटंच असेल तर फटींतून हवा येत-जात राहते. कान तिखट असणाऱ्यांना दिशा बदलतानाचा आवाज जाणवतो, म्हणून शक्य असेल तर चालू यंत्र कुठेतरी ऐकूनच घ्या.

५. फटी बुजवा

सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडक्या, एसीच्या कॉपर पाइपचं भोक, मुख्य दाराखालची फट. या सगळ्यांतून हवा बिनबोभाट येत असेल, तर ती कोअरला वळसा घालून येते आणि गाळलीही जात नाही. ब्रशपट्ट्या बदला, पाइपभोवती फोम किंवा सिलिकॉन भरा. काम दोन-तीनशे रुपयांच्या सामानाचं आहे, पण यंत्रणेआधी करा.

गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर इथेच थांबा. आधी तो बाहेर हलवा किंवा विजेचा घ्या. घट्ट केलेल्या घरात पंखे हवा बाहेर ओढत असताना गॅस गिझर पेटला, तर कार्बन मोनॉक्साइड आतच राहू शकतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. याबाबतीत "आमचा दहा वर्षं तसाच आहे" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

६. परवानगी आणि कागद

बाहेरच्या भिंतीला भोक पाडणं म्हणजे इमारतीच्या दर्शनी भागात बदल. सोसायटीची लेखी परवानगी घ्या, सेक्रेटरींची जिन्यातली मान्यता पुरत नाही. इमारत नवी असेल तर आणखी एक बाब. रेरा कायद्याच्या कलम १४ (३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरवर असते. उद्या त्याच भिंतीत ओल आली, तर "तुम्हीच भोक पाडलं" हे ऐकायला लागू नये, म्हणून त्यालाही पत्र किंवा ईमेल करून उत्तर जपून ठेवा.

जवळ ठेवायचे कागद:

- फ्लॅटचा नकाशा, मोजमापांसह
- कॉलम-बीम दाखवणारा आरसीसी नकाशा (बिल्डरकडे किंवा सोसायटीच्या फाइलमध्ये मिळतो)
- सोसायटीचं परवानगीपत्र, भोकांची जागा आणि माप लिहिलेलं
- भोकं पाडण्याआधीचे आतून-बाहेरून काढलेले फोटो
- मशीनचा हवा-दाब आलेख, वॉरंटी कार्ड, जीएसटीचं पक्कं बिल

भाड्याच्या घरात असाल तर मालकाचं लेखी संमतीपत्रही, आणि घर सोडताना भोक कोण बुजवणार हे त्यात लिहून घ्या.

७. हवा कुठून घ्यायची

मशीन कितीही भारी असो, हवा घाण जागेतून घेतली तर सगळं फुकट. संडास-बाथरूमच्या पाइपांच्या डक्टमधून ताजी हवा घेऊ नका. सोयीचं म्हणून कारागीर हमखास तिकडेच बोट दाखवतो. पार्किंगच्या वर, जनरेटरजवळ, स्वयंपाकघराच्या चिमणीच्या तोंडाशी, एसीच्या आउटडोअर युनिटच्या झोतात, कबुतरांच्या बैठकीजवळ, या सगळ्या जागा बाद. हवा घेण्याचं आणि सोडण्याचं भोक यांत निदान दोन-तीन मीटर अंतर ठेवा, नाहीतर सोडलेलीच हवा परत आत येते.

नाशिकचा पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून तिरपा मारतो. त्या बाजूची भिंत टाळता येत नसेल तर तोंड खाली असलेला काऊल, म्हणजे भोकावरची टोपी, आणि त्यात जाळी हवीच. ती जाळी खिडकीतून हात घालून पुसता येईल अशा जागी असू द्या. डासांची बारीक जाळी धुळीने फार लवकर बुजते, आणि सातव्या मजल्यावर ती पुसायला दोरीवरचा माणूस बोलवायचा म्हणजे ती कधीच पुसली जात नाही.

८. कोटेशन कसं वाचायचं

तीन ठिकाणांहून मागवा आणि हे विचारा:

हवेचा आकडा किती पास्कल दाबाला आहे? शून्य दाबाचा आकडा फक्त कागदावर असतो. डक्ट, फिल्टर, जाळी लागल्यावर ५० ते १०० पास्कलला किती हवा मिळते, तेच खरं.

क्षमता कसली? माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत बहुधा तापमानाची क्षमता असते. आपल्याला उन्हाळा-पावसाळ्यातली एन्थाल्पीची, म्हणजे उष्णता आणि बाष्प दोन्ही धरून असलेली क्षमता हवी, ती कमी असते आणि खाली बारीक अक्षरांत सापडते.

बायपास आहे का? नाशिकसाठी मला ही सोय सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे उन्हाळ्यातही रात्र बऱ्यापैकी उतरते. दिवसभर तापलेल्या घरात पहाटेची गार हवा घ्यायची असताना कोअर मध्ये आला, तर तो त्या गार हवेला आधी गरम करून आत देतो. बायपास असेल तर हवा कोअरला टाळून सरळ आत येते.

फिल्टर कोणते, सुट्टे मिळतात का, केवढ्याला? आधी धुता येणारा जाड फिल्टर आणि मागे एफ७ किंवा मर्व्ह १३ दर्जाचा बारीक, ही जोडी पुरेशी. "हेपा (त्याहून बारीक फिल्टर) टाकून देतो" म्हणणाऱ्याला हवा किती घटेल ते विचारा. लहान मशीनचा पंखा हेपापुढे धापा टाकतो.

डक्ट, इन्सुलेशन, कोअर कटिंग (भिंतीला मशीनने गोल भोक पाडणं, मशीनच्या कोअरशी त्याचा संबंध नाही), काऊल, वायरिंग हे सगळं धरून किंमत आहे का, हे लिहून घ्या. कारण मशीनची किंमत समोर असते आणि खर्च या शेपटीत असतो.

९. काम चालू असताना समोर थांबा

भोक कोअर कटिंगच्याच मशीनने पाडा. छिन्नी-हातोड्याने भिंत पलीकडून फुटते आणि प्लॅस्टरचे पोपडे खालच्या बाल्कनीत पडतात. कटिंगला पाणी लागतं आणि राखाडी गाळ भिंतीवरून ओघळतो, म्हणून आधी प्लॅस्टिक लावून घ्या. बीम किंवा कॉलमला हात लावू देऊ नका. कटरला मध्येच सळई लागली आणि आवाज बदलून कर्कश झाला, तर काम थांबवून नकाशा बघा. भोकाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, म्हणजे पाणी आत येणार नाही.

मुख्य डक्ट पाच इंची घ्या. ८० घनमीटर हवा त्यातून सेकंदाला दोन मीटरहून कमी वेगाने जाते आणि आवाज येत नाही. चार इंचीत वेग तीन मीटरच्या जवळ जातो. घडीचा लवचिक डक्ट फक्त जोडापुरता, तोही पूर्ण ताणून. माळ्यावर तो अजगरासारखा वेटोळं घालून ठेवलेला दिसला तर काढून पुन्हा करायला लावा. बाहेरून मशीनपर्यंतच्या डक्टला आणि एसी खोल्यांच्या डक्टला नायट्राइल रबरचं इन्सुलेशन हवं, नाहीतर पावसाळ्यात त्यावर घाम धरतो आणि फॉल्स सिलिंगवर पिवळे डाग उमटतात.

मशीन स्लॅबला थेट आवळू नका, मध्ये रबरी पॅड घाला. फिल्टर काढायला फॉल्स सिलिंगमध्ये झाकण ठेवायला सांगा, आणि ते झाकण मशीनच्या झाकणाखालीच आहे ना, हे शिडीवर चढून स्वतः बघा. सुतार आणि एसीवाला वेगवेगळ्या दिवशी येतात, त्यामुळे ही गफलत ठरलेली.

बेडरूमच्या दाराखाली सेंटीमीटरभर फट हवी. आत आलेली हवा पॅसेजपर्यंत जाणार कुठून?

स्वयंपाकघराची चिमणी या यंत्रणेला जोडायची नाही. फोडणीच्या तेलकट वाफेने कोअर कायमचा जातो. चिमणी चालू असेल तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा, कारण ती या यंत्रणेच्या कितीतरी पट हवा ओढते.

१०. पैसे चुकते करण्याआधी मोजून घ्या

कारागीर टिश्यू पेपर जाळीवर धरतो, तो फडफडतो, आणि "बघा, चालू आहे" म्हणतो. त्यावरून हवा किती आहे ते कळत नाही. हवेचा वेग मोजणारा अ‍ॅनिमोमीटर आणायला सांगा. नसेल तर घरचा उपाय: साठ लिटरची कचऱ्याची पिशवी चपटी करून तिचं तोंड बेडरूमच्या जाळीवर घट्ट धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. तासाला ४० घनमीटर हवा येत असेल तर पिशवी साडेपाच सेकंदांत फुगते. दहा-बारा सेकंद लागले तर निम्मीच हवा येते आहे. मोजमाप ढोबळ आहे, पण भांडायला पुरतं.

आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा जवळपास सारखी हवी. बाहेर जाणारी जास्त असेल तर घर फटींतून धूळ ओढू लागतं.

मग पुन्हा कार्बन डायऑक्साइडचं मीटर उशाशी ठेवून झोपा. पहिल्या पायरीतला आकडा आणि आजचा आकडा, दोन्ही इंस्टॉलरला पाठवा. शेवटचा हप्ता त्यानंतर.

११. वर्षभर कशी चालवायची

मार्च ते मे: दुपारी एसीबरोबर कमी वेगावर, रात्री उशिरा बायपास. बाहेर धूळ नसेल तर पहाटे सरळ खिडक्या उघडा आणि मशीन बंद करा, फुकटच्या वाऱ्याशी स्पर्धा कशाला.

जून ते सप्टेंबर: एसी चालू असेल तरच कोअरचा फायदा. एसी नसेल तर पाऊस उघडल्यावर खिडक्या.

ऑक्टोबरचा उकाडा उन्हाळ्यासारखाच. दिवाळीत फटाक्यांच्या रात्री यंत्र कमीत कमी वेगावर ठेवा किंवा काही तास बंद करा. एफ७ फिल्टर बारीक कण अडवतो, धुराचा वास अडवत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: बायपास बंद, रात्रभर चालू. खोली उबदार राहते आणि सकाळी काचेवर पाणी दिसत नाही.

वीज गेली तर यंत्र थांबतं, तेव्हा खिडकी उघडा. पंखे ४०-५० वॅटचे असल्यामुळे इन्व्हर्टरवरही चालतात. चोवीस तास चालवलं तर दिवसाला एक ते सव्वा युनिट, फक्त रात्री दहा तास चालवलं तर अर्धं.

जाड फिल्टर महिन्यातून एकदा धुवा. महामार्गाजवळ असाल तर पंधरा दिवसांनी. उन्हाळ्यात तो काढताना खाली वर्तमानपत्र अंथरा, धुळीचा राखाडी नमदाच निघतो. बारीक फिल्टर धुवायचा नसतो, काळवंडला की बदलायचा. कागदी कोअरला पाणी अजिबात लावू नका. वर्षातून एकदा व्हॅक्यूम क्लीनरचा मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवा. बारीक फिल्टरचे दोन जोड मशीनबरोबरच मागवून ठेवा, कारण नंतर ते मुंबई-पुण्याहून यायला वेळ लागतो आणि तोवर लोक फिल्टर काढूनच मशीन चालवतात.